चक्रीवादळ आणि रेडिओ

मुलांनो, सकाळी शाळेत येण्याआधी तुमच्या घरी रेडिओ लागतो का? बातम्या झाल्या की हवामानाची माहिती सांगतात. 'मध्य पठारावर पावसाच्या हलक्या सरी येतील. पश्चिमेकडे आकाश बहुतेक निरभ्र राहील. प्रवाळाच्या भिंतीबाहेर समुद्र खवळलेला असेल.' अशी वाक्ये तुम्ही नक्की ऐकली असतील. ही माहिती कोण देते? ती कशी मिळते? आणि ती लक्षपूर्वक का ऐकावी? या पाठात आपण हे समजून घेऊ या.

आपले मॉरिशस बेट लहान आहे. तरीसुद्धा एकाच दिवशी बेटावर सगळीकडे सारखे हवामान नसते. वाक्वा आणि क्युरपीप ही गावे उंचावर आहेत. समुद्रावरून आग्नेयेचे वारे येतात. ते बरोबर बाष्प आणतात. उंच भागावर चढताना हे बाष्प थंड होते आणि पाऊस पडतो. वारे पश्चिमेकडे उतरतात तोपर्यंत बरेचसे पाणी पडून गेलेले असते. म्हणून वाक्वात छत्री लागते, तेव्हा फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर ऊन असू शकते. रेडिओवर पठार, पूर्व, पश्चिम असे भाग वेगवेगळे सांगतात, ते याचसाठी. आपण ज्या भागात राहतो, त्या भागाची माहिती आपण नीट ऐकावी. शाळेची सहल दुसऱ्या भागात जाणार असेल, तर त्या भागाचीही ऐकावी.

ही माहिती कितीतरी लोकांच्या उपयोगी पडते. कोळी ती ऐकून होडी समुद्रात न्यायची की नाही ते ठरवतात. शेतकरी ती ऐकून बी पेरतात, भाजी काढतात. आई ती ऐकून धुतलेले कपडे बाहेर वाळत घालते. हे झाले रोजचे हवामान. आता त्याहून मोठ्या गोष्टीकडे वळू या.

आपल्या भागात साधारणपणे नोव्हेंबरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो. बोलताना आपण चक्रीवादळाला सिक्लोन म्हणतो. या महिन्यांत हिंदी महासागराचे पाणी खूप तापते. तापलेल्या पाण्याची वाफ होऊन ती वर जाते. तिची जागा घेण्यासाठी चहूकडून हवा धावत येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ही धावणारी हवा सरळ न जाता गोल फिरू लागते. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहतो. आपल्याकडे चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात.

चक्रीवादळ समजून घेण्यासाठी भोवरा आठवा. भोवरा स्वतःभोवती गरागरा फिरतो. त्याच वेळी तो जमिनीवर हळूहळू पुढेही सरकतो. चक्रीवादळाचे तसेच आहे. त्याचे वारे ताशी 150 किंवा 200 किलोमीटर वेगाने फिरत असतात, पण संपूर्ण वादळ बहुधा ताशी 10 ते 20 किलोमीटर वेगानेच पुढे सरकते. म्हणजे ते आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. हाच वेळ आपल्या कामाचा असतो. त्या वेळात रेडिओ आपल्याला सावध करतो आणि आपण तयारी करतो.

आता एक जुनी घटना ऐका. ती 29 एप्रिल 1892 या दिवशीची आहे. त्या काळी पाम्प्लेमुस येथे एक चांगली वेधशाळा होती. चार्ल्स मेल्ड्रम नावाचे शास्त्रज्ञ तेथे काम करीत. 1851 साली मॉरिशसमध्ये हवामानाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने. त्यांनी वर्षानुवर्षे वाऱ्यांचा आणि वादळांचा अभ्यास केला होता. परंतु एप्रिल महिना संपत आला होता. आता यंदा वादळ यायचे नाही, असे लोकांना वाटत होते.

त्या दिवशी वारा वाढत गेला आणि दुपारी वादळ बेटावर आले. मग एकाएकी वारा पडला. सगळीकडे शांत झाले. लोकांना वाटले, संकट टळले. पण ती शांतता तासभरच टिकली. नंतर वारा उलट्या दिशेने आला. तो आधीच्या वाऱ्यापेक्षाही जोराचा होता. पोर्ट लुई शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. मळ्यांवरील घरे पडली. त्या एका दिवसात सुमारे 1200 माणसे मरण पावली. मरण पावलेल्यांत ऊसमळ्यांवर राबणारे अनेक मजूर होते. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज कोकणातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून येथे याच मळ्यांवर काम करायला आले होते. त्यांची घरे गवताने किंवा उसाच्या पाचटाने शाकारलेली असत. अशा घरांना वादळाचा जोर कसा सोसणार?

त्या दिवशी मध्येच शांतता का झाली असेल? मुलांनो, ताक घुसळताना रवी फिरू लागली की भांड्यातले ताक कडेने वर चढते आणि मध्ये खळगा पडतो. चक्रीवादळाच्या मध्यभागीही असाच एक मोकळा भाग असतो. त्याला वादळाचा डोळा म्हणतात. डोळ्यात वारा मंद असतो. कधी कधी तेथे निळे आकाशही दिसते. डोळा आपल्या गावावर आला म्हणजे वादळ अर्धेच झालेले असते. उरलेले अर्धे वादळ डोळ्याच्या पलीकडे उभे असते, आणि त्याचे वारे बरोबर उलट्या दिशेने येतात. एका बाजूच्या वाऱ्याने खिळखिळे झालेले छप्पर दुसऱ्या बाजूच्या वाऱ्याने उडून जाते. शांतता पाहून जो बाहेर पडतो, तो या वाऱ्यात सापडतो.

घरात बसून आपल्याला कसे कळणार, की ही शांतता डोळ्याची आहे की वादळ खरोखरच गेले आहे? खिडकीतून पाहून ते कळत नाही. त्यासाठी दूरवरचे पाहणारा कोणीतरी हवा, आणि त्याने पाहिलेले आपल्याला तत्काळ सांगणारे साधनही हवे. 1892 साली वेधशाळा होती, पण घरोघरी बातमी पोचवणारे साधन नव्हते. पुढे ते काम रेडिओ करू लागला.

आज आपल्या देशाच्या हवामान विभागाचे मुख्य कार्यालय वाक्वा येथे आहे. तेथे रात्रंदिवस काम चालते. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांकडून ढगांची चित्रे येतात. क्युरपीपच्या त्रू ओ सेर्फ टेकडीवर एक रडार आहे. ते पावसाचे ढग कोठे आहेत हे दाखवते. रॉड्रिग्ज, आगालेगा आणि सेंट ब्रँडन ही बेटे आपल्यापासून दूर आहेत. तेथील हवामान केंद्रांकडूनही वारा आणि हवेचा दाब यांच्या नोंदी येतात. आपल्याकडे येणारी बरीचशी वादळे ईशान्य दिशेने येतात, म्हणून या दूरच्या नोंदी फार मोलाच्या असतात. शेजारच्या रियुनियन बेटावरील केंद्राशीही माहितीची देवाणघेवाण होते. हे सारे पाहून वाक्वाचे अधिकारी एक पत्रक तयार करतात. त्याला बुलेटिन म्हणतात. हे बुलेटिन मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एमबीसीच्या रेडिओवर वाचले जाते. खासगी रेडिओ केंद्रेही ते सांगतात.

तुम्ही म्हणाल, आता तर दूरदर्शन आहे, हातात मोबाइल आहे. मग रेडिओ कशाला? विचार करा. जोराचा वारा सुटला की झाडे विजेच्या तारांवर पडतात. वीज जाते. दूरदर्शन बंद पडते. मोबाइलची बॅटरी संपली तर ती भरता येत नाही. मोबाइलचे मनोरेही वाऱ्याने बंद पडू शकतात. बॅटरीवर चालणाऱ्या लहान रेडिओला मात्र घरातली वीज लागत नाही. त्याला तारही जोडावी लागत नाही, कारण आवाज रेडिओलहरींवरून हवेतून येतो. एकच केंद्र एकाच वेळी लाखो लोकांशी बोलू शकते. कितीही लोकांनी ऐकले तरी त्यात गर्दी होत नाही. अंधाऱ्या घरात सगळे कुटुंब एका रेडिओभोवती बसून बातमी ऐकू शकते.

आता बुलेटिन कसे ऐकावे ते शिकू या. आपण सरावासाठी एक बुलेटिन तयार केले आहे. ते वाचा.

'सोमवार, सकाळी दहा वाजता चक्रीवादळाचे केंद्र मॉरिशसच्या ईशान्येस सुमारे 450 किलोमीटर अंतरावर होते. वादळ ताशी 15 किलोमीटर वेगाने नैऋत्येकडे सरकत आहे. या दिशेने ते मॉरिशसच्या जवळ येत आहे. मॉरिशससाठी क्लास 2 चा इशारा लागू आहे. लोकांनी तयारी पूर्ण करावी. समुद्रावर जाऊ नये. पुढील बुलेटिन दुपारी सुमारे चार वाजून दहा मिनिटांनी दिले जाईल.'

यात कोणकोणत्या गोष्टी आहेत? पहिली, वेळ. दुसरी, वादळाची जागा. तिसरी, ते कोणत्या दिशेला आणि किती वेगाने सरकते. चौथी, इशाऱ्याचा क्लास. पाचवी, लोकांनी काय करावे. सहावी, पुढील बुलेटिन केव्हा. कागद आणि पेन्सिल घेऊन या सहा गोष्टी लिहून ठेवाव्यात. शेवटची गोष्ट विसरू नका. पुढील बुलेटिनची वेळ ठाऊक असली म्हणजे मधल्या वेळात रेडिओ बंद ठेवून बॅटरी वाचवता येते.

आता थोडे गणित करू. अंतर 450 किलोमीटर आहे. वेग ताशी 15 किलोमीटर आहे. 450 ला 15 ने भागले की 30 येतात. म्हणजे वादळ सरळ आपल्याकडे आले, तर त्याचे केंद्र 30 तासांनी, मंगळवारी दुपारी चार वाजता येथे पोचेल. मग मंगळवारी दुपारपर्यंत खेळायला हरकत नाही, असे समजायचे का? मुळीच नाही. वादळ खूप रुंद असते. केंद्र दूर असतानाच जोराचे वारे येऊन पोचतात. शिवाय वादळ आपली वाट आणि आपला वेग बदलते. 2023 च्या फेब्रुवारी महिन्यात फ्रेडी नावाचे मोठे वादळ मॉरिशसच्या उत्तरेकडून निघून गेले. त्याचे केंद्र बेटावर आले नाही. कधी याच्या उलटही होते. म्हणून एकच बुलेटिन ऐकून थांबू नये. प्रत्येक नवे बुलेटिन ऐकावे आणि जुने विसरावे.

बुलेटिनमध्ये क्लास हा शब्द आला. तुमच्या शाळेतल्या वर्गाचा येथे काही संबंध नाही. या धोक्याच्या पायऱ्या आहेत. अनेक वर्षांपासून आपल्याकडे चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार क्लास आहेत. ताशी 120 किलोमीटर वेगाचे झोत केव्हा येतील, याचा अंदाज घेऊन हे क्लास ठरवण्याची पद्धत आहे. मोटरवेवर धावणाऱ्या मोटारीपेक्षा हा वारा वेगवान असतो. त्यात माणसाला उभे राहता येत नाही.

क्लास 1 म्हणजे सावध व्हा. असे झोत येण्याची शक्यता आहे, पण अजून साधारण 36 ते 48 तास हातात आहेत. या वेळी घरात काय आहे आणि काय नाही ते पाहावे.

क्लास 2 म्हणजे तयारी पूर्ण करा. हा इशारा शक्यतो अशा वेळी देतात, की लोकांना दिवसाच्या उजेडाचे 12 तास मिळावेत. अंधारात छपरावर चढणे किंवा खिडक्यांना फळ्या ठोकणे धोक्याचे असते. म्हणून उजेडाचा हिशेब करतात.

क्लास 3 म्हणजे घरात या. उजेडाचे सुमारे 6 तास उरले आहेत असा याचा अर्थ. ज्यांचे घर मजबूत नाही, त्यांनी आसरा केंद्रात जावे.

क्लास 4 म्हणजे वादळ आले. ताशी 120 किलोमीटरचे झोत नोंदले गेले आहेत आणि ते चालू राहणार आहेत. आता कोणीही कोणत्याही कारणासाठी बाहेर पडू नये.

इशाऱ्यांचे नियम वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून पाठ केलेल्या नियमावर विसंबून न राहता त्या दिवशी रेडिओवर काय सांगतात, तेच करावे. शाळा बंद आहे की चालू, हेही रेडिओवर सांगतात. शेजारच्या मुलाने सांगितले म्हणून शाळा बंद समजू नये. आणखी एक गोष्ट. मॉरिशस आणि रॉड्रिग्ज यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर समुद्र आहे. त्यामुळे दोन्ही बेटांसाठी इशारे वेगवेगळे असतात. कोणत्या बेटाचा इशारा सांगत आहेत, तिकडे कान द्या.

धोका फक्त वाऱ्याचा नसतो. 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईमध्ये अचानक मुसळधार पाऊस झाला. तेव्हा चक्रीवादळ नव्हते. पाण्याचा लोंढा रस्त्यांतून आणि भुयारी मार्गांतून धावला. त्यात 11 माणसांचे प्राण गेले. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाच्या वेळीही पोर्ट लुईत पाणी भरले आणि मोटारी वाहून गेल्या. म्हणून मुसळधार पावसाचा इशाराही तितकाच मन लावून ऐकावा. असा इशारा असताना ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी जाऊ नये. वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडू नये.

मुलांनो, वादळाच्या आधी तुम्हीसुद्धा घरच्यांना मदत करू शकता. रेडिओत नव्या बॅटऱ्या घालून तो लागतो का ते पाहा. टॉर्च जागेवर आहे ना, ते पाहा. स्वच्छ बाटल्यांत पिण्याचे पाणी भरून ठेवा. अंगणातल्या कुंड्या, बादल्या, खेळणी आत आणा. वाऱ्यात साधी बादलीसुद्धा दगडासारखी लागते. आपली पुस्तके आणि घरातले महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवा. डबाबंद खाणे, बिस्किटे आणि औषधे एका ठिकाणी ठेवा. आजी-आजोबा शेजारी एकटे राहत असतील, तर त्यांना बुलेटिन ऐकू गेले का, ते विचारून या. हे सारे वारा वाढण्याआधीच करायचे.

वादळ सुरू झाले की खिडकीजवळ बसू नका. घरातल्या सर्वांत भक्कम खोलीत सर्वांनी एकत्र बसावे. वारा थांबला तरी दार उघडू नये. 1960 साली कॅरल नावाचे वादळ आले आणि 6 फेब्रुवारी 1975 रोजी जर्व्हेझ आले. दोन्ही वेळा वादळाचा डोळा आपल्या बेटावरून गेला. कॅरलमध्ये ताशी 256 किलोमीटर आणि जर्व्हेझमध्ये ताशी 280 किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले. कॅरलने हजारो घरे पाडली. त्यानंतर आपल्याकडे सिमेंटची पक्की घरे मोठ्या प्रमाणावर बांधली जाऊ लागली. ज्यांनी ती वादळे पाहिली, ते आजी-आजोबा तुम्हांला डोळ्यातल्या शांततेबद्दल सांगतील. त्यांना जरूर विचारा.

इशारा मागे घेतला आहे, असे रेडिओवर सांगितल्यानंतरही घाईने बाहेर धावू नये. मोठी माणसे आधी पाहून येतील. रस्त्यावर विजेच्या तुटलेल्या तारा असतात. अर्धवट मोडलेल्या फांद्या लोंबकळत असतात. नद्या भरलेल्या असतात. रेडिओवर कोणता रस्ता बंद आहे, पाणी आणि वीज केव्हा येईल हेही सांगतात. ते ऐकून मगच पुढचे काम करावे.

वादळ थांबवणे माणसाच्या हातात नाही. पण वादळाची वार्ता वेळेवर ऐकणे आणि ऐकल्याप्रमाणे वागणे आपल्या हातात आहे. म्हणून वादळाच्या दिवसांत ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: वारा थांबला म्हणून दार उघडायचे नाही. वादळ संपले असे रेडिओने सांगितले, मगच दार उघडायचे.

स्वाध्याय

1. एकाच दिवशी वाक्वात पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर ऊन असे का होते?
2. चक्रीवादळाला भोवऱ्याची उपमा का दिली आहे?
3. वादळाचा डोळा म्हणजे काय? त्या वेळी बाहेर पडणे धोक्याचे का असते?
4. बुलेटिनमधील कोणत्या सहा गोष्टी लिहून ठेवाव्यात?
5. एक वादळ 360 किलोमीटर दूर आहे. ते ताशी 12 किलोमीटर वेगाने सरळ आपल्याकडे येत आहे. त्याचे केंद्र किती तासांनी पोचेल? तयारी त्याच्या किती तरी आधी का पूर्ण करावी?

उपक्रम: सलग सात दिवस रेडिओवरील हवामानाची माहिती ऐका. तुमच्या भागासाठी काय सांगितले आणि प्रत्यक्षात काय झाले, हे वहीत दोन रकान्यांत लिहा. आठव्या दिवशी वही वर्गात वाचून दाखवा.